नुसतं 'बेसल सेल' लिहून भागत नाही

परवा क्रांती चौकात सिग्नलला थांबले होते. शेजारच्या स्कूटरवर एक आजोबा, नाकाशेजारी काळा चकचकीत ठिपका. तीळ, की बेसल सेल कार्सिनोमा? आपल्या सावळ्या कातडीत हा कॅन्सर बरेचदा काळाच दिसतो, म्हणून वर्षानुवर्षं तीळ समजला जातो. तो सहसा शरीरभर पसरत नाही, पण नाक, पापणी मात्र कुरतडतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. स्लाइडवर निळ्या पेशींचे पुंजके, कडेला कुंपणासारखी रांग, भोवती बारीक फट... निदान दोन मिनिटांत! पण काही प्रकार फसवतात. मॉर्फिफॉर्म प्रकारात पेशींच्या बारीक रांगा दिसतं त्याच्या कितीतरी पलीकडे शिरलेल्या असतात. १९५३ साली पिंकस यांनी वर्णन केलेला प्रकार वरून साध्या मशासारखा. उलट ट्रायकोएपिथेलिओमा ही केसाच्या मुळाची निरुपद्रवी गाठ, पण दिसते कॅन्सरसारखी.

म्हणून मला वाटतं, रिपोर्टात प्रकार हवाच, आणि गाठ पूर्ण काढली असेल तर कडा मोकळ्या आहेत का तेही. सर्जननंही फॉर्मवर 'नाकावरची गाठ' एवढंच खरडू नये. किती वर्षांची, वाढतेय का, लिहावं. वरवर खरवडलेल्या तुकड्यातून खोली कशी कळणार?

असो. सिग्नल सुटला, आजोबा गेले. मी काहीच बोलले नाही. ते अजून टोचतंय.