खासगी आवड की संस्थेची वहिवाट?

नोकरवर्गाची नोंद एका प्रणालीत, टपालाचे खाते दुसरीत आणि हिशेबाचे अधिकार तिसरीतच, अशी विखुरलेली माणसाची ओळख एका सूत्रात बांधण्याचे काम ज्या सॉफ्टवेअरवर सोपवले जाते, त्याच्या आराखडा-साधनातील ‘प्रेफरन्सेस’चे पान ही कारागिराची खासगी बाब असून संस्थेने तीत लक्ष घालण्याचे प्रयोजन नाही, असे मत या व्यवसायातील पुष्कळ अनुभवी मंडळी मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. हे मत वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु कोणाला प्रवेश द्यावा आणि कोणाचा काढून घ्यावा हे जेथे ठरते, तेथे निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टींचीच चौकशी आधी करावी लागते.

वाद हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवू. नोव्हेल कंपनीने 1993 साली नेटवेअर 4 बरोबर आपली डिरेक्टरी सेवा आणली आणि त्याच पायावर पुढे प्रथम ‘डिरएक्सएमएल’ व नंतर ‘आयडेंटिटी मॅनेजर’ या नावाने, निरनिराळ्या प्रणालींतील खाती परस्परांशी जुळती ठेवणारी यंत्रणा उभी केली. तिचे रेखाटन करण्याचे साधन म्हणजे एक्लिप्सच्या चौकटीवर बेतलेले ‘डिझायनर’. चालू डिरेक्टरीला हात न लावता आपल्या संगणकावर ड्रायव्हर, धोरणे, फिल्टर आणि मंजुरीचे टप्पे यांचा आराखडा मांडावा, तो पुरा झाला की ‘डिप्लॉय’ करून डिरेक्टरीत उतरवावा, अथवा तेथील विद्यमान मांडणी ‘इम्पोर्ट’ करून आराखड्यात आणावी, असा त्याचा रिवाज आहे. कागद आणि कारभार यांच्यामधील या सीमारेषेवरच वादाचे मूळ आहे. कारण साधनातील काही निवडी रेषेच्या अलीकडे राहतात आणि काही तिच्या पलीकडे परिणाम करतात.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा रुचिभेदाचा. अक्षरे किती मोठी असावीत, खिडक्या कोठे मांडाव्यात, धोरणाचा मजकूर कोणत्या रंगात दिसावा, याबाबत हुकूम काढणारा अधिकारी हास्यास्पद ठरेल, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु त्याच न्यायाने उरलेल्या सगळ्या निवडीही खासगी ठरतात हा निष्कर्ष मात्र मान्य होण्यासारखा नाही. बोरू कोणता धरावा हे फडावरच्या कारकुनाने खुशाल ठरवावे. शिक्का कोठे उमटावा हे त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. डिरेक्टरीशी जोडणी करण्याचा संकेतशब्द साधनात जतन करून ठेवावा की प्रत्येक वेळी विचारला जावा, ही निवड एका माणसाच्या सोयीची दिसते. तथापि तो संगणक ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती साऱ्या संस्थेच्या खात्यांची किल्ली जाण्याचा संभव तिच्यामुळे उत्पन्न होतो. आराखडा आणि डिरेक्टरी यांची रुजुवात घेताना तफावत आढळली, तर साधन तीन वाटा दाखवते : तफावत तशीच ठेवावी, आराखडा सुधारावा, किंवा डिरेक्टरी सुधारावी. यांपैकी तिसरी वाट धरणारा अभिकल्पक आपली आवड व्यक्त करीत नसून चालू कारभारात दुरुस्ती करीत असतो.

याला एक यांत्रिक कारणही जोडलेले आहे, आणि पूर्वपक्ष त्याकडे सहसा पाहत नाही. एक्लिप्सच्या चौकटीत सर्वसाधारण प्रेफरन्सेस प्रकल्पासोबत प्रवास करीत नाहीत. त्या प्रत्येकाच्या वर्कस्पेसमधील मेटाडेटाच्या फोल्डरात पडून राहतात. परिणामी एकच प्रकल्प दोन अभिकल्पकांनी उघडला, तर आराखडा तोच असूनही साधनाचे वर्तन निराळे असू शकते : एकाला सावध केले जाते, दुसऱ्याला नाही. नवा वर्कस्पेस घेतला की जुन्या निवडी मागे राहून मूळच्या निवडी पुन्हा गादीवर येतात. जी गोष्ट प्रकल्पाच्या दप्तरात नाही, ती तपासनीसाच्या नजरेस पडत नाही; आणि नजरेस न पडणारी गोष्ट कोणाच्याच जबाबदारीची राहत नाही.

दुसरा मुद्दा अधिक विद्वत्तेचा आव आणतो. निर्मात्याने विचारपूर्वक घालून दिलेल्या मूळ निवडी, म्हणजे ‘डिफॉल्ट’, तशाच ठेवाव्यात, त्यांत ढवळाढवळ करणे हाच अविवेक, असे तो सांगतो आणि सॉल्ट्झर व श्रोडर यांच्या 1975 सालच्या प्रबंधाचा आधार पुढे करतो. त्या प्रबंधातील आठ तत्त्वांत डिफॉल्टविषयीचे एक तत्त्व आहे हे खरे. पण ते सांगते एवढेच की स्पष्ट परवानगी नसेल तेथे प्रवेश नाकारला जावा. कारखान्यातून आलेली प्रत्येक निवड सुरक्षित असते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. निर्मात्यापुढे सरासरीचा ग्राहक असतो, आपली संस्था नसते. शिवाय निर्माताही स्थिर नसतो : ही एकच यंत्रणा 2011 मध्ये ॲटॅचमेटकडे, 2014 मध्ये मायक्रो फोकसकडे आणि 2023 मध्ये ओपनटेक्स्टकडे गेली. धनी बदलत असता त्यांच्या निवडींवर आंधळेपणाने विसंबणे याला विवेक म्हणता येत नाही. बदल न करणे हाही एक निर्णय आहे; तो घेतल्याची नोंद असेल तरच त्याला निर्णयाची प्रतिष्ठा मिळते.

तिसरा मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. पावलोपावली विचारणा करणाऱ्या साधनाला माणूस विटतो, विटलेला माणूस न वाचताच होकार देतो, आणि मग विचारणा असून नसल्यासारखी होते. म्हणून ‘पुन्हा विचारू नका’ ही सवलत हवीच, असे हे म्हणणे. उपर्युक्त प्रबंधानेही संरक्षणाची यंत्रणा माणसाला सहज वापरता यावी, असे बजावले आहे. परंतु यातून सिद्ध होते ते इतकेच की विचारणा थोड्या आणि निवडक असाव्यात. कोणत्या ठेवाव्यात हे कंटाळलेल्या माणसाने संध्याकाळच्या घाईत ठरवावे, हे मात्र यातून सिद्ध होत नाही.

येथपर्यंत खंडन झाले, आता मंडन. आमच्या मते या निवडींचे तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग दिसण्याचा. त्यात संपूर्ण स्वातंत्र्य असावे. दुसरा वर्ग कामाच्या पद्धतीचा : धोरणांना नावे देण्याची रीत, दस्तऐवज तयार करण्याचा साचा, आराखडा तपासण्याचे निकष. हा गटाने संमतीने ठरवावा, एक्लिप्समधील निर्यातीची सोय वापरून त्यातील प्रेफरन्सेसची फाईल बनवावी, ती प्रकल्पाच्याच आवृत्ती-भांडारात ठेवावी, आणि नव्याने दाखल होणाऱ्याने प्रथम तीच आयात करावी. तिसरा वर्ग सीमारेषा ओलांडणारा : डिप्लॉयपूर्वीची रुजुवात, संकेतशब्दाचे जतन, तफावतीत कोणाची बाजू प्रमाण मानायची हा प्रश्न. येथे नियम संस्थेचा असावा, आणि त्यावर मखलाशी करणारा अधिकारी आराखडा काढणाऱ्याहून भिन्न असावा.

ड्रायव्हरच्या मांडणीत ठरणाऱ्या काही बाबी प्रेफरन्सेसच्या पानावर नसतात. पण खासगी आवडीची सवय तेथेही झिरपते, म्हणून त्यांनाही हाच तिसरा वर्ग लागू व्हावा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या ड्रायव्हरमध्ये, खात्याचा हक्क काढून घेतल्यावर ते खाते नुसते बंद करावे की नष्ट करावे, असा पर्याय असतो. बंद केलेले खाते चूक उमगताच पुन्हा बहाल करता येते. नष्ट झालेल्या खात्याच्या जागी त्याच नावाचे नवे खाते काढले, तरी जुन्या खात्याची अंतर्गत ओळख आणि तिला जोडलेले अधिकार आपोआप परत येत नाहीत. बरखास्तीचा हा फरक एखाद्या अभिकल्पकाच्या सवयीवर अवलंबून राहावा, असे कोणती संस्था उघडपणे मान्य करील?

एवढ्या औपचारिकतेने काम मंदावेल, हा आक्षेप उरतो. तिसऱ्या वर्गात मोजक्याच बाबी येतात. त्या एकदा लेखी ठरल्या की दररोजचा वाद मिटतो, आणि उलट प्रत्येक डिप्लॉयनंतर ‘हे कोणी केले’ याचा शोध घेण्यात जाणारा वेळ वाचतो. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात, वाजवी सुरक्षा-उपाय योजण्यात कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, आणि ती जबाबदारी विदेचा विनियोग ठरवणाऱ्या संस्थेवर टाकलेली आहे, तिच्या अभिकल्पकावर नव्हे. ज्याच्यावर दंड बसायचा त्यानेच निवडही केली पाहिजे. निवड एकाची आणि उत्तरदायित्व दुसऱ्याचे अशी वाटणी ज्यांना स्वातंत्र्य वाटते, त्यांनी त्या निवडीखाली आपले नाव लिहून देण्याची तयारी तरी दाखवावी. तशी तयारी नसेल, तर खासगी आवडीचा हा दावा त्यांनी निमूटपणे मागे घ्यावा.