अडकलेली फळी



शिडाची होडी वाऱ्यावर चालते हे लहान मूलही सांगेल; परंतु ती वारा नेईल तिकडे वाहत न जाता नावाड्याच्या इच्छेप्रमाणे कशी जाते, याचा विचार फार थोडे लोक करतात. वारा बाजूने आला म्हणजे शीड होडीस पुढे ढकलते, तसेच बाजूलाही लोटते. मोठ्या गलबताचा खोल तळ हे बाजूचे सरकणे थोपवून धरतो. छोट्या होडीचा तळ उथळ असल्यामुळे तिच्या मध्यभागी एक अरुंद पेटी बसवतात आणि तिच्या खोबणीतून एक फळी पाण्यात सोडतात. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरील उलांडी होडीस कलंडू देत नाही. ही फळी तिला भरकटू देत नाही.

१७७४ साली बोस्टन येथे ब्रिटिश आरमारातील जॉन शँक या अधिकाऱ्याने सरळ खाली-वर सरकणारी फळी असलेली होडी बांधवली. १८११ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील स्वेन बंधूंनी खिळ्यावर बिजागरीसारख्या फिरणाऱ्या फळीचे पेटंट घेतले. १९५७ साली इयन प्रॉक्टर यांनी आखलेली वेफेरर ही सुमारे १६ फुटी होडी याच जातीची. तिच्यातून फ्रँक डाय यांनी १९६३ साली एका सोबत्यासह स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. हैदराबादच्या हुसेनसागरावर शर्यतीत धावणाऱ्या लहान होड्यांनाही पाण्याखाली अशा फळीचाच आधार असतो.

होडी जुनी झाली की ही फळी पुष्कळदा अडकते. ती खाली अडकली, तर होडी उथळ पाण्यात आणता येत नाही. वर अडकली, तर संकट अधिक मोठे. वाऱ्याबरोबर दूर गेलेली होडी वाऱ्याविरुद्ध घरी परतू शकत नाही. शिवाय होडी उलटली, तर पाण्यात पडलेला मनुष्य तळातून बाहेर आलेल्या याच फळीवर उभा राहतो आणि आपल्या भाराने होडी पुन्हा सरळ करतो. फळी पेटीतच रुतून बसली असेल, तर त्याला पाय ठेवण्यास जागा उरत नाही. म्हणून फळी मोकळी झाल्यावाचून होडी पाण्यात लोटू नये. शर्यत असो वा सणाची हौस, या नियमास अपवाद नाही.

फळी अडकली म्हणजे पुष्कळजण वरून हातोडा मारू लागतात. हा मार्ग घातक होय. खोबणीत खडा अडकला असेल, तर प्रत्येक घावाने तो अधिकच रुततो. फळी चिरते आणि पेटीचा सांधा उकलून होडी गळू लागते. आधी कारण शोधावे. होडी वाळूवर ओढताना फळी किंचित खाली राहिली, तर खडा किंवा शिंपला फटीत शिरतो. लाकडी फळीवरील रंग खरवडला गेला की लाकूड पाणी पिऊन फुगते. लोखंडी फळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. होडी चुकीच्या टेकूंवर वर्षानुवर्षे ठेवल्यास पेटीच्या भिंती आत दबतात. कधी नुसती दोरीच निसटून फटीत अडकलेली असते.

कारण शोधण्यासाठी डोलकाठी उतरवावी आणि दोघा-तिघांनी होडी गवतावर किंवा जुन्या टायरांवर कुशीवर निजवावी. उचलून धरलेल्या होडीखाली कोणीही शिरू नये. विजेरीने खालून खोबणीत पाहावे. पाण्याची धार सोडून वाळू धुऊन काढावी. मग लाकडाची पातळ, चपटी पट्टी फटीत घालून खडा हळूहळू सरकवावा. त्याच वेळी दुसऱ्याने फळी पुढे-मागे किंचित हलवावी. खिळा गंजलेला असल्यास त्यावर गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर थांबावे. फळी बाहेर आली की ती सावलीत पूर्ण वाळू द्यावी, फुगलेला भाग रंध्याने बेताचा उतरवावा आणि कडांसह सर्वत्र पातळ रोगण द्यावे. रंगाचे जाड थर देऊ नयेत. तेच पुढे फळी अडकवतात. खिळ्याचे भोक लांबट झाले आहे काय हे पाहावे आणि त्याच्या रबरी चकत्या नव्या घालाव्यात. नाहीतर तेथून पाणी झिरपेल. शेवटी जमिनीवरच फळी दहा वेळा खाली-वर करून पाहावी. यापुढे किनाऱ्याशी येताना ती वेळेवर वर घ्यावी.

आम्हांला या कामात धर्मग्रामातील कुटुंबांसाठीही एक बोध दिसतो. घरातील एखादा तरुण अचानक अबोल होतो, मिस्सेस येईनासा होतो, कामावरून त्याचे मन उडते. अशा वेळी बाप वरून शब्दांचे घाव घालतो, आई दोष देते, शेजारी हसतात. खडा मात्र खाली असतो, जेथे कोणी वाकून पाहिलेले नसते. कदाचित कर्ज असेल, कदाचित अपमान, कदाचित सांगता न येणारी भीती. त्याच्याजवळ बसावे, खालून पाहावे, एकाने धरावे व दुसऱ्याने हळू हलवावे. पापनिवेदनात धर्मगुरूचे कामही याहून फार निराळे नाही. ज्याला मोकळे करावयाचे, त्याला मोडून कसे चालेल?

प्रभूने याकोब व योहान यांना हाक मारली, तेव्हा ते पिता जब्दी याच्यासह होडीत बसून जाळी नीट करीत होते, हे शुभवर्तमानात आपण वाचतो. दुरुस्तीचे काम हलके नव्हे. प्रभूची हाक तेथेही येते. ज्यांच्या घरी जुनी होडी असेल, त्यांनी येत्या सवडीच्या दिवशी तिची फळी खाली-वर होते की नाही हे पाहावे. आणि ज्यांच्या घरी होडी नाही, त्यांनी त्या दिवशी घरातील अबोल माणसाजवळ घटकाभर बसावे.