मिरकरवाड्याची कंबर संशोधनाच्या आलेखात कुठे?

मिरकरवाडा बंदरात होडी लागली की मासळीचे क्रेट धक्क्यावर चढवायचे, बर्फ वाहायचा, ओली जाळी ओढायची. बहुतेक काम वाकून. कंबर धरलेला खलाशी दवाखान्यात येतो तेव्हा ‘उसण भरली’ म्हणतो, दुसरा कुणी ‘मणक्यात गॅप आहे’ सांगतो. केसपेपरवर मात्र बहुधा तीनच अक्षरे उमटतात : एलबीए, म्हणजे ‘लो बॅक एक’. तो काय काम करतो, किती ओझे उचलतो, हे कागदावर येत नाही.

दुसरीकडे, मणक्याच्या आजारांवर जगभर इतके लिहिले जाते की ते कुणा एका डॉक्टरला वाचून संपणार नाही. ‘पबमेड’ या वैद्यकीय सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. म्हणून आता भाषा समजून घेणारी संगणकीय साधने कामाला लावली जातात. हजारो निबंधांचे सारांश चाळून ती एकत्र येणाऱ्या शब्दांचे गट पाडतात आणि कोणता विषय कधी वाढला, कधी ओसरला याचा आलेख काढतात. २००३ मध्ये मांडलेली ‘एलडीए’ ही त्यातली एक जुनी पद्धत.

नुसते शब्द मोजून भागत नाही. ‘स्पाइन’ म्हणजे पाठीचा कणा, पण मेंदूच्या पेशींवरील सूक्ष्म काट्यांनाही तेच नाव आहे. उलट मणक्याच्या क्षयाला ‘पॉट्स डिसीज’, ‘स्पायनल टीबी’, ‘ट्यूबरक्युलस स्पॉन्डिलायटिस’ अशी अनेक नावे. २०१८ चे ‘बर्ट’ आणि वैद्यकीय मजकुरावर तयार केलेले ‘बायोबर्ट’ आजूबाजूचे शब्द पाहून अर्थ लावतात, त्यामुळे गफलत बरीच कमी होते.

खरी अडचण वेगळी आहे. आलेख सांगतो संशोधकांचे लक्ष कुठे आहे. रुग्णांना कशाची गरज आहे, ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. तरीही बहुतांश पुरावे श्रीमंत देशांतून येतात, हे ‘लॅन्सेट’च्या २०१८ च्या लेखमालेने नोंदवले आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. तेव्हा एखाद्या आलेखात मणक्याचा क्षय खाली सरकलेला दिसला, म्हणून इथल्या डॉक्टरने निश्चिंत होण्याचे कारण नाही.

मराठी वाचणारी साधनेही आता आहेत. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ गटाचे ‘महाबर्ट’ हे त्यांपैकी एक. ते सर्वसाधारण मराठीवर घडलेले आहे. ‘उसण’ आणि ‘गॅप’ यांमागचे निदान त्याला शिकवावे लागेल. त्यासाठी केसपेपरवर ‘एलबीए’च्या पुढे चार गोष्टी लागतील : धंदा, रोजचे ओझे, रात्रीचा ताप, घटलेले वजन. शेवटच्या दोन तर संगणक असो-नसो, क्षयाच्या संशयासाठी आजच विचारायला हव्यात.