पडक्या महालावर छप्पर नको!

फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये हायडेलबर्गचा किल्ला उद्ध्वस्त केला. १७६४ मध्ये वीज पडून उरलेसुरलेही जळाले. पुढे कवी आणि चित्रकार त्या भग्नावशेषांच्या प्रेमात पडले. पण १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभे राहिले आणि नव्या अभिमानाला ही उघडी जखम सोसवेना.

वास्तुविशारद कार्ल शेफर यांनी किल्ल्यातील फ्रीडरिश महाल नव्याने सजवला. पुढची पाळी ओटहाइनरिश महालाची होती. सोळाव्या शतकातली शिल्पमंडित दर्शनी भिंत तेवढी शाबूत, आणि वर मोकळे आकाश! तिच्यामागे महाल पुन्हा बांधून वर छप्पर चढवण्याचा बेत ठरू लागला. १९०१ मध्ये एका पुस्तिकेने या बेताला जाहीर विरोध केला. लेखक होते स्ट्रासबर्ग विद्यापीठातील कलेतिहासाचे प्राध्यापक गेओर्ग डेहिओ.

डेहिओ १८५० मध्ये आजच्या टाल्लिन शहरात जन्मले. त्यांचे शिक्षण इतिहासाचे, वास्तुशास्त्राचे नव्हे, आणि हाच तपशील महत्त्वाचा आहे. जुन्या दस्तऐवजातील फाटलेल्या ओळी इतिहासकार स्वतः रचून भरत नाही. मग इमारतीच्या बाबतीत ती मुभा का असावी? 'जतन करा, जीर्णोद्धार नको' ही त्यांची भूमिका यातूनच येते. शेफर कुशल होते, यात शंका नाही. पण कुशल बनावट अधिकच फसवी असते. वाद काही वर्षे चालला आणि अखेर बेत बारगळला.

२७ जानेवारी १९०५ हा सम्राट दुसरा विल्हेल्म याचा वाढदिवस. त्यानिमित्त विद्यापीठात डेहिओंचे भाषण झाले. विषय होता एकोणिसाव्या शतकातील स्मारकांचे संरक्षण. गंमत पाहा, त्याच वेळी स्ट्रासबर्गच्या दक्षिणेस १६३३ पासून पडीक असलेला होहक्योनिग्सबुर्ग हा किल्ला खुद्द सम्राटाच्या हौसेखातर पुन्हा उभारला जात होता. अशा प्रसंगी जीर्णोद्धाराला विरोध करायला विद्वत्तेइतकेच धारिष्ट्यही लागते.

त्याच वर्षी त्यांच्या जर्मन कलास्मारकांच्या मार्गदर्शक ग्रंथाचा पहिला खंड निघाला. १९१२ पर्यंत पाच खंड पूर्ण झाले. त्याच्या सुधारित आवृत्त्यांना जर्मनीत आजही नुसते 'डेहिओ' म्हणतात.

मात्र त्यांच्या युक्तिवादाचा एक पाया कच्चा होता. स्मारक जपायचे ते सुंदर म्हणून नव्हे, तर राष्ट्राच्या अस्तित्वाचा अंश म्हणून, असे ते मानत. व्हिएन्नाच्या आलोइस रीगल यांनी लगेच हरकत घेतली. जुन्या वास्तूची ओढ ही मुळात माणसाची ओढ आहे, ती एका राष्ट्रापुरती नसते, हे त्यांचे म्हणणे. काळाने कौल रीगल यांच्या बाजूने दिला. १९१८ मध्ये स्ट्रासबर्ग फ्रान्सकडे गेले आणि डेहिओंना ते शहर सोडावे लागले. १९३२ मध्ये ट्युबिंगेन येथे त्यांचे निधन झाले. स्ट्रासबर्गचे कॅथीड्रल फ्रेंचांनीही तितक्याच आस्थेने जपले. जर्मन सम्राटाने हौसेने उभारलेला होहक्योनिग्सबुर्गही आज फ्रान्समध्येच आहे.