काचेची भिंत आणि तीन लिंब

दिवाळीत आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या: फराळ आणि भांडण. गेल्या पाडव्याला, कुंभार पिंपळगावच्या आमच्या जुन्या घरात, चकलीच्या ताटाशेजारी पुतण्याने एक भला मोठा कागद उलगडला आणि भांडणाची सोय करून ठेवली. कागदावर आमचे नवे घर होते. सपाट छप्पर, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत सबंध काच, काचेपुढे दोन गुंठे हिरवळ, कडेने शोभेचे पाम, आणि पाठीमागे धूसर निळी वनराई. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. घराच्या पश्चिमेला आमचे तीन थोरले लिंब आहेत. त्या जागी तीन तांबड्या फुल्या होत्या. म्हणजे हिरवळीला जागा हवी म्हणून झाडे जाणार, आणि झाडांची उणीव भासू नये म्हणून चित्रात वनराई येणार!

मिळकत सामाईक आहे; माझ्या सहीवाचून काम अडते. ती सही मी केली नाही. तेव्हापासून घरात मी ‘जुन्या काळचा’ ठरलो आहे. ही माझी कैफियत.

पहिल्याने एक सांगून टाकतो. माळवदाच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची छपरे झोपलेल्या माणसांवर कशी कोसळली, हे मराठवाड्यातला माणूस विसरू शकत नाही. शिवाय दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीची भर घालायची, जमिनी सारवायच्या, अंधाऱ्या स्वयंपाकघरात धूर गिळायचा, हे सारे कोणी केले? आमच्या आईने आणि काकूने. वाड्याच्या थंडाव्याचे कौतुक ओसरीवर पान खात बसलेल्या पुरुषांनी केले. तेव्हा घर नवे हवे, स्वयंपाकघरात उजेड हवा, न्हाणीघर घरात हवे, यात वादच नाही. माझे भांडण नव्याशी नाही; नव्याच्या सोंगाशी आहे.

पुतण्या म्हणाला, “काका, जगातले मोठे वास्तुकार अशीच घरे बांधतात.” मी म्हटले, बघू तर खरे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मीस व्हॅन डर रोह यांनी नदीकाठच्या झाडीत चारी बाजूंनी काचेचे घर बांधले; ते १९५१ साली पुरे झाले. ते देखणे आहे, हे मीही कबूल करतो. पण तो मुलुख बर्फाचा. तिथे हिवाळ्यात ऊन घरात यावे म्हणून माणूस आसुसलेला असतो. आणि एवढे असूनही घराची मालकीण उकाड्याने नि उघडेपणाने त्रासली, वास्तुकाराशी तिचा कज्जा कोर्टापर्यंत गेला. ल कॉर्ब्युझिए यांचे पॅरिसजवळच्या प्वासीचे घर १९३१ साली झाले. सपाट छपराचा तो जगन्मान्य नमुना. ते छप्पर गळत असे, आणि घरमालकीण बाई तक्रारीची पत्रे धाडून थकल्या.

पण खरी गंमत पुढेच आहे. हेच ल कॉर्ब्युझिए पुढे अहमदाबादेस आले आणि १९५१ ते १९५५ या काळात त्यांनी मनोरमा साराभाईंचे घर बांधले. त्या उन्हात त्यांनी काय केले? बुटक्या कमानींची छते घेतली, वारा आरपार खेळेल अशा खोल्या आणि खोल सावलीचे सोपे ठेवले, आणि छपरावर चक्क माती पसरून तीवर गवत लावले! अरे, हे तर आमचे माळवद! त्या माणसाने आपले डोके उन्हात नेले आणि बदलले. तू मात्र त्याने मागे टाकलेले ते जुने चित्र उचलून आणलेस. मग जुन्या काळचा कोण, तू की मी?

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. चार्ल्स कोरिया यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी अहमदाबादेस एक चिंचोळे घर बांधले. त्याच्या उतरत्या छताखालून तापलेली हवा वर सरकून माथ्याच्या फटीतून निघून जाई आणि खालून ताजी हवा आत येई. अलिबागजवळ नांदगावला बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ साली नारळीच्या बागेत एक घर उभे केले. त्याच्या भिंतींना ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा आहेत. ऊन अडते, वारा अडत नाही. दोन्ही घरे नवीच. फक्त त्यांनी आपण कोठे उभे आहोत हे आधी पाहिले.

आता आपण कोठे उभे आहोत? जालना जिल्ह्यात शंभर एकरांत दोन एकरही जंगल नाही. काचेतून दिसणार काय, तर कपाशी, ऊस आणि शेजाऱ्याचे बोअर! मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या काचेतून आत शिरते आणि तिथेच कोंडते. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग झोपलेल्यांवर ओततो. मग गारव्याचे यंत्र बसवा, आणि वीज गेली की त्याच काचेच्या पेटीत बसून घाम पुसा.

हिरवळीचा हिशेबही मांडू. उन्हाळ्यात चौरस मीटर गवताला दिवसाला निदान ५ लिटर पाणी लागते. दोन गुंठे म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. रोजचे १,००० लिटर. चार महिन्यांचे १,२०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर बारा! २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मोसंबीच्या बागा टँकरने जगवू पाहिल्या, आणि अनेकांना आपल्या हातांनी लावलेल्या झाडांवर आपल्याच हातांनी कुऱ्हाड घालावी लागली. त्या गावशिवारात पायांखाली तुडवायच्या गवताला टँकर घालायचा? हजार चौरस फुटांच्या छपरावर, पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर, वर्षात ६५,००० लिटर पाणी पडते. ते सगळे साठवले तरी तुझ्या हिरवळीचे दोन महिने कसेबसे निघतील. आणि ते तीन लिंब? ते वर्षभर एक तांब्याही मागत नाहीत, आणि पश्चिमेचे ऊन फुकट अडवतात.

पुतण्याचा एक प्रश्न मात्र मला लागला. तो म्हणाला, “काका, खेड्यातल्या माणसाने देखणे काही मागूच नये का? आमच्या वाट्याला कायम उपयोगाचेच?” खरे आहे. मागावे, हट्टाने मागावे. पण देखणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातले चित्र, असे कोणी शिकवले? ओसरीवर पडलेली लिंबाची सावली, चैत्रात तिचा मोहोर, दारात शेवंतीचा वाफा, हे देखणे नाही काय?

नुसता नकार देऊन मी मोकळा होत नाही. माझाही नकाशा ऐका. जोते, दाराखिडक्यांच्या माथ्यावरची पातळी आणि छत, तिन्ही ठिकाणी भूकंप सोसणारे काँक्रीटचे पट्टे. सळई आपल्या जालन्याचीच. स्लॅबवर कुंभाराची मडकी उपडी मांडून वर चुन्याचा थर. मडक्यांतली कोंडलेली हवा उष्णता खाली उतरू देत नाही. मध्ये चौक, खिडक्या दक्षिणोत्तर, पश्चिमेला सहा-सात फूट रुंद ओसरी आणि तिच्यापुढे ते लिंब. छपराचे पाणी पन्हळीने विहिरीत, न्हाणीचे पाणी केळी-कढीपत्त्याच्या परसाला. स्वयंपाकघराला दोन खिडक्या. आणि त्या कोठे असाव्यात हे घरच्या सुनांना विचारून ठरवावे. आजवर त्यांना कोणी विचारलेले नाही, माझ्यासकट.

आमच्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती मी सांगत नाही. पण त्या नावात कुंभार आहे आणि पिंपळ आहे. एकाकडून घर थंड ठेवण्याची विद्या घ्यावी, दुसऱ्याकडून सावली. तेवढ्यावर या उन्हातले घर उभे राहते.

वाचकहो, यंदाच्या दिवाळीतही कित्येक घरांत ताटाशेजारी असे कागद उलगडतील. कौतुक जरूर करा. फक्त सही करण्यापूर्वी विचारा: दुपारी चारला ऊन कोठे पडणार? मे महिन्यात पाणी कोठून येणार? आणि या फुल्या कशाच्या?

पुतण्या भाऊबिजेला पुन्हा येतो आहे. कलम मी काढून ठेवले आहे. त्याने त्या तीन फुल्या तेवढ्या पुसून आणाव्यात.