सीमेवरचा पगार आणि अडीच हजारांची कात्री

निपाणी आमची, बेळगाव आमचं, कारवार आमचं. ही घोषणा ऐकत माझी पिढी मोठी झाली. 1 नोव्हेंबर 1956 ला ही गावं म्हैसूर राज्यात गेली आणि आज महाराष्ट्र 865 गावांवर हक्क सांगतोय. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. पण याच निपाणीचा माणूस रोज सकाळी मोटारसायकल काढून कोगनोळीचा नाका ओलांडतो, कागलच्या एमआयडीसीत पाळी भरतो, तेव्हा त्याच्या पगारातून पहिला हात कोण मारतं? आमचंच सरकार.

रक्कम छोटी आहे, म्हणून तिच्यावर कुणी बोलत नाही. व्यवसाय कर. महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला 2,500. माझ्याही पगारपत्रकावर तो आहे. मला तो खुपत नाही, कारण मला नियमित पगार आहे. ज्याला खुपतो त्याच्याकडे बऱ्याचदा धड पगारपत्रकच नसतं, कंत्राटदाराने दिलेली एक चिठ्ठी असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अब्बांनी तशीच चिठ्ठी मला दाखवली आणि विचारलं, "सर, ये पीटी क्या है? मैंने तो कोई व्यवसाय नहीं किया." त्यांच्या प्रश्नात विनोद नव्हता.

व्यवसाय कर तुम्ही राहता त्या राज्यात नव्हे, काम करता त्या राज्यात कापला जातो. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना साडेसात हजारांपर्यंत असेल तर कर नाही. दहा हजारांपर्यंत 175. दहाच्या वर गेला की पूर्ण दोनशे. ही साडेसात हजारांची मर्यादा 2014 ची. त्यानंतर पेट्रोल, तेल, डाळ, शाळेची फी, सगळं कुठल्या कुठे गेलं, ही रेघ तिथेच आहे. कर्नाटकात 2023 पासून महिना 25,000 पेक्षा कमी पगारावर हा कर लागतच नाही.

आता हिशोब मांडा. निपाणीचा माणूस कागलमध्ये अठरा हजारांवर काम करतो: महाराष्ट्राला 2,500. कागलचा माणूस निपाणीत त्याच अठरा हजारांवर काम करतो: कर्नाटकाला शून्य. ज्या राज्याला आपण सीमाभागावर अन्याय करणारं म्हणतो, ते या गरिबाच्या खिशाला हात लावत नाही. जे राज्य त्याला भाऊ म्हणतं, ते लावतं. भाऊबंदकी म्हणतात ती हीच काय?

कुणी म्हणेल, अडीच हजारांचं एवढं काय? अठरा हजारांच्या पगारात वर्षाचे 2,16,000 होतात. त्यातले अडीच हजार म्हणजे एक टक्क्याहून जास्त. त्याच कारखान्याचा महिना अडीच लाख घेणारा मोठा साहेबही 2,500 च देतो, कारण राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदात वरची मर्यादा तेवढीच आहे. साहेबाला ते शेकडा दहा पैसेसुद्धा पडत नाहीत. वरच्याला छत आहे, खालच्याला मात्र जमीनही नाही.

बरं, हा झाला राज्याचा कर. त्या माणसाचा खरा खर्च रस्त्यावर होतो. निपाणी ते एमआयडीसी वीस-पंचवीस किलोमीटर. येऊन-जाऊन पन्नास धरा, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे तेराशे किलोमीटर. गाडीने लिटरला पन्नास दिले तर सव्वीस लिटर पेट्रोल. शंभराच्या भावाने धरलं तरी 2,600 रुपये, आणि भाव शंभराच्या वर आहे. वर्षाला एकतीस हजारांपुढे जातो हा आकडा. टायर, ऑइल, पावसाळ्यातली दुरुस्ती वेगळी. पगाराचा सातवा हिस्सा पगारापर्यंत पोचण्यातच जातो.

याची दखल कर घेणारा कुठे घेतो? पूर्वी आयकरात निदान नावापुरती घेतली जायची. घर ते कार्यालय जाण्यासाठी मिळणारा वाहतूक भत्ता महिना 800 रुपयांपर्यंत करमुक्त होता, 2015 ला तो 1,600 झाला. 2018 च्या अर्थसंकल्पात तो गेला, 15,000 ची वैद्यकीय सवलतही गेली, आणि दोन्हींच्या बदल्यात सरसकट 40,000 ची प्रमाणित वजावट आली. भत्त्याचे 19,200 आणि औषधाचे 15,000 मिळून आधीच 34,200 होत होते. म्हणजे नवं दान 5,800 चं, आणि त्याच वर्षी उपकर तीनाचा चार टक्के केला! पुढे वजावट 50,000 झाली, नव्या पद्धतीत 2024 पासून 75,000. आकडा वाढला खरा, पण कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारा आणि दोन राज्यं ओलांडून येणारा, दोघांना तेवढाच. अपंग कर्मचाऱ्यांचा 3,200 रुपयांचा भत्ता तेवढा शिल्लक ठेवला. म्हणजे प्रवास हा कमाईचा खर्च आहे हे सरकारला कळतं, मान्य मात्र करायचं नाही.

व्यापाऱ्याचं बघा. तो धंद्यासाठी गाडी फिरवतो तेव्हा पेट्रोल खर्चात टाकतो, गाडीचा घसारा टाकतो, उरेल त्या नफ्यावर कर देतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही, तो त्याचा हक आहे. पण पगारदाराचं पेट्रोल 'वैयक्तिक' कसं? तो काय रोज सकाळी सहाला कोगनोळीची हवा खायला जातो?

देशांच्या सीमा ओलांडून रोज कामाला जाणारे लोक युरोपात लाखोंनी आहेत. फ्रान्समध्ये राहून स्वित्झर्लंडमध्ये काम करणारेच दोन लाखांवर. जर्मनीत राहून पलीकडे जाणाऱ्याला जर्मन आयकरात किलोमीटरमागे वजावट मिळते. 2022 पासून पहिल्या वीस किलोमीटरना 30 सेंट आणि एकविसाव्यापासून 38 सेंट असा दर होता. गाडीने या, रेल्वेने या, सायकलने या, अंतर मोजलं जातं. जितकं लांब तितकी वजावट. तिथे दोन सार्वभौम देशांना जमतं. आपल्याकडे दोन्ही राज्यांचा आयकर एकच खातं घेतं, तरी जमत नाही.

आपल्या वाचकांना जकातीचा कायदा माहीत आहे. मालावर जकात काढताना राहतं घर, अंगावरचे कपडे, कामाची अवजारं आणि सवारी हिशोबात धरत नाहीत. फिकहच्या किताबांत यांना हवाइज-ए-अस्लिया म्हणजे मूळ गरजा म्हटलं आहे. सवारी नसेल तर माणूस कमावणार कसा, हे हजार वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना समजलं होतं.

एक आक्षेप नेहमी येतो: लांब राहायला सांगितलं कुणी? कागलला खोली घ्या. घ्यावी की. भाडं कोण देणार? रेशनकार्ड निपाणीचं, मतदान तिथलं, म्हातारी आई तिथे, मुलं तिथल्या शाळेत. घर सोडून ते कुठे गेले नाहीत, सीमाच 1956 ला त्यांच्या घराच्या अलीकडे आली. एसटीची महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलतही हद्दीपर्यंतच, पुढे पूर्ण भाडं.

मी आयकराचा मुद्दा मुद्दामच मागे ठेवतो. अठरा हजारवाल्याला आयकर लागतच नाही, तेव्हा तिथली वजावट त्याच्या काय कामाची? ती लढाई मास्तरांची, बँकवाल्यांची, इंजिनिअरांची. तीही लढावी, कारण नव्या पद्धतीत भरलेला व्यवसाय करसुद्धा वजा होत नाही. जो पैसा हातात आलाच नाही, त्यालाही उत्पन्न म्हणतात. पण आधी खालचा माणूस.

त्याच्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. व्यवसाय कराची रेघ मुंबईत ओढली जाते. 2023 ला महिलांसाठी ती 25,000 वर नेली, चांगलं केलं. तीच पुरुषांना लावा. आणि सगळ्यांना एकदम जमत नसेल तर 865 गावांतल्या कामगारांना आधी लावा. याच गावांना 2023 ला महात्मा फुले आरोग्य योजना देण्याचा निर्णय झाला, तेव्हा कर्नाटकाच्या हद्दीतला माणूस आपला मानता आला होता. आरोग्याच्या कार्डासाठी आपला आणि पगाराच्या चिठ्ठीवर परका, हे कोणत्या हिशोबात बसतं, ते अर्थसंकल्पाच्या वेळी कोल्हापूरच्या आमदारांनी सभागृहात विचारावं. सीमाप्रश्नावर काळे कपडे घालणाऱ्यांनी तर आधी विचारावं.