पुरातल्या प्राण्यांची नाटिका: मालकाला दुष्ट दाखवू नका



स्नेहसंमेलनात भूतदयेवर नाटिका बसवायची ठरली की गोष्ट बहुतेक एकच असते. पूर येतो, घरची माणसं कुत्र्याला बांधून निघून जातात, मग शूर मुलं होडीतून जाऊन त्याला वाचवतात. टाळ्या पडतात. विषय चांगलाच आहे, पण माझ्या मते त्यात दोन बदल करायलाच हवेत.

पहिला बदल म्हणजे मालकाला दुष्ट करू नका. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडची कितीतरी माणसं गोठ्यातल्या जनावरांसाठी घर सोडायला तयार नव्हती. बोटीत माणूस बसतो, म्हैस कशी बसणार? अशा गावात नाटिका होते तेव्हा समोर बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरची म्हैस खरंच वाहून गेलेली असते. स्टेजवर 'निर्दयी मालक' बघून त्याला आपल्या बापाबद्दल काय वाटेल?

अमेरिकेतही हेच घडलं. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. लोकांना हलवणाऱ्या बसमध्ये आणि बऱ्याच निवारा केंद्रांत पाळीव प्राण्यांना घेत नव्हते. काहींना कुत्री-मांजरं मागे सोडावी लागली, तर काही जण त्यांच्यासाठी घरातच थांबले. लोकांना माया होती, सोय नव्हती. म्हणून 2006 मध्ये तिथे कायदा झाला, की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे.

दुसरा बदल, मुलांना होडी घेऊन पुरात पाठवू नका. मुलं स्टेजवर बघतात ते करून बघतात. त्यापेक्षा आपल्या नाटिकेतली मुलं जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करू देत.

आणि खरी नाटिका पावसाआधी सुरू होऊ दे. एक प्रवेश ग्रामसभेचा ठेवा. जनावरं कोणत्या उंच जागी न्यायची, चारा कुठे साठवायचा, आधी कोणाचा गोठा हलवायचा, यावर मुलांना भांडू द्या. एखादी मुलगी आजोबांना सांगेल, "आबा, कुत्र्याच्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वहीत उतरवून ठेवा. आणि अगदीच वेळ आली, तर निघताना दावं सोडा, बांधून ठेवू नका." हे संवाद पाठ करता करता घरोघरी पोहोचतात. मुलांनी घरी सांगितलेलं पालक ऐकतात, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी. पूर आला की निवारा केंद्र बहुतेक वेळा आपल्याच शाळेत उघडतं. लोक गुरं घेऊन फाटकाशी आले, तर ती कुठे बांधायची हे आपल्या शाळेत ठरलंय का? नसेल, तर नाटिकेची तालीम सुरू करण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्या.